तिसाव्या शतकातील मित्रमंडळ

अशी कल्पना करा, की एका मोठ्या दालनात तुम्ही रांगेत उभे आहात. समोर टेबलामागे तुमच्याच वयाची काही मुलेमुली परीक्षक म्हणून बसली आहेत. त्यांचा प्रश्न एकच : तुला असे काय करता येते, जे आमच्यापैकी दुसऱ्या कोणालाही करता येत नाही?

तुमच्या पुढच्या मुलाची पाळी येते. त्याचे नाव पोलर बॉय. तो थार नावाच्या अतिउष्ण ग्रहावरून आला आहे. तिथल्या लोकांच्या अंगी, उकाड्यात तग धरता यावा म्हणून, भोवती थंडी पाडण्याची शक्ती आलेली आहे. पोलर बॉय आपली करामत दाखवतो आणि परीक्षकांचेच दात वाजू लागतात. निकाल अर्थातच नापास. ज्याची शक्ती शत्रूबरोबर सोबत्यांनाही गारठवून टाकते त्याला संघात घेऊन करायचे काय? समजुतीखातर त्याला हवेत उडण्याचा एक पट्टा भेट म्हणून मिळतो, आणि तो बिचारा खाली मान घालून बाहेर पडतो.

हा प्रसंग १९६३ साली अमेरिकेतील 'ॲडव्हेंचर कॉमिक्स' या चित्रकथांच्या मासिकात, त्याच्या ३०६व्या अंकात आला होता. आपल्याकडे वेताळ आणि मँड्रेक यांच्या चित्रकथा मराठीतूनही घरोघरी पोहोचल्या. पण पोलर बॉयला ज्या संघाने नाकारले, तो 'लीजन ऑफ सुपर-हीरोज' आपल्या वाचकांना फारसा ठाऊक नाही. त्याची ओळख करून देण्यासाठीच हा लेखप्रपंच. विज्ञानाच्या मासिकात हे कशाला, असे एखादे शिक्षक म्हणतील. त्यांनी थोडा धीर धरावा. आपण पोलर बॉयची परीक्षा पुन्हा एकदा घेणार आहोत, आणि या वेळी परीक्षक भौतिकशास्त्र असेल.

लीजन म्हणजे पलटण. रोमन सैन्यातील मोठ्या तुकडीला हा शब्द होता. आपल्या गोष्टीतील पलटण मात्र किशोरवयीन मुलामुलींची आहे आणि तिचा काळ आहे इसवी सनाचे तिसावे शतक. १९५८ च्या एप्रिलमध्ये, २४७व्या अंकात, ही मुले प्रथम अवतरली. लेखक होते ऑटो बाइंडर आणि चित्रकार अल प्लास्टिनो. त्या वेळी या मासिकाचा नायक होता सुपरबॉय, म्हणजे लहानपणचा सुपरमॅन. एके दिवशी तीन अनोळखी मुले त्याला भेटतात, आम्ही हजार वर्षांनंतरच्या काळातून आलो आहोत असे सांगतात आणि त्याला आपल्या मंडळात यायचे आमंत्रण देतात. मंडळात प्रवेश घेताना त्याची भरपूर फजिती करतात आणि शेवटी हसत हसत त्याला सामील करून घेतात. वसतिगृहात राहिलेल्यांना हा प्रकार नवा वाटणार नाही! एवढीच ती गोष्ट होती. पण पत्रे लिहून वाचकांनी आणखी गोष्टी मागितल्या, मुले पुन्हा पुन्हा येऊ लागली आणि १९६२ सालच्या ३००व्या अंकापासून त्यांची नियमित मालिका सुरू झाली.

पहिली तिघे अशी. कॉस्मिक बॉय : ब्राल ग्रहावरचा, अंगी चुंबकशक्ती असलेला. लाइटनिंग लॅड : हातातून वीज फेकणारा. सॅटर्न गर्ल : शनीच्या टायटन या उपग्रहावरची, दुसऱ्याच्या मनातले ओळखणारी. पुढे सभासद वाढत वाढत वीस-पंचवीसवर गेले. एक मुलगी एकाच वेळी तीन मुली होते, एक मुलगा पर्वताएवढा वाढतो, एक मुलगी मुंगीएवढी होते. ब्रेनिॲक ५ नावाचा हिरव्या कातडीचा मुलगा फक्त बुद्धीच्या जोरावर संघात आहे. मॅटर-ईटर लॅड वाटेल ते खाऊन पचवतो, अगदी लोखंडसुद्धा! बाउन्सिंग बॉयने तर एक रसायन सरबत समजून प्याले, आणि तेव्हापासून तो चेंडूसारखा फुगतो आणि उड्या मारतो. काही कल्पना अगदीच पोरकट आहेत हे मला मान्य आहे.

परंतु या संघाचे नियम मात्र पोरकट नव्हते. शक्ती स्वतःच्या अंगची हवी, यंत्राची चालणार नाही. आणि कोणाही दोघांची शक्ती सारखी नको. या दुसऱ्या नियमामुळे लेखकांची मोठी पंचाईत झाली, कारण प्रत्येक नव्या सभासदासाठी निसर्गाचा एखादा नवा गुणधर्म शोधणे आले. चुंबकत्व झाले, वीज झाली, उष्णता झाली, वस्तुमान झाले, मूलद्रव्ये झाली. हळूहळू संघाची हजेरीपुस्तिका म्हणजे भौतिकशास्त्राच्या पुस्तकाची अनुक्रमणिकाच बनली. म्हणूनच तिच्यातील एकेका नावापुढे "हे खरोखर घडले तर?" असा प्रश्न लिहून पाहण्यात मजा आहे.

आता पोलर बॉयला परत बोलवू या.

त्याच्यासमोर पाण्याने भरलेली एक बादली ठेवा. पाणी १० लिटर, म्हणजे १० किलो. तापमान ३० अंश सेल्सिअस. याचा बर्फ कर, असे त्याला सांगा. पाणी ३० अंशांवरून शून्यावर आणायचे तर त्यातून १० गुणिले ३०, म्हणजे ३०० किलोकॅलरी उष्णता काढून घ्यावी लागेल. एवढ्याने भागत नाही. शून्य अंशाच्या पाण्याचा शून्य अंशाचाच बर्फ होताना दर किलोमागे आणखी ८० किलोकॅलरी बाहेर पडतात. हीच ती अप्रकट उष्णता, जिच्यावर परीक्षेत हमखास प्रश्न येतो. तिच्या ८०० किलोकॅलरी झाल्या. एकूण बेरीज ११००.

खरी मेख इथे आहे. 'थंडी' नावाची कोणतीही वस्तू जगात नाही. थंडी पाडता येत नाही, फक्त उष्णता एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवता येते. फ्रिजच्या मागच्या बाजूला हात लावून पाहा. आत जे गार होते त्याची भरपाई तिथे झालेली असते. तेव्हा पोलर बॉयला विचारले पाहिजे, की बाबा रे, या ११०० किलोकॅलरी तू ठेवणार कुठे?

समजा, त्याने त्या स्वतःच्या अंगात घेतल्या. त्याचे वजन ४० किलो धरू. माणसाच्या शरीराची विशिष्ट उष्णता पाण्याहून थोडी कमी, सुमारे ०.८३ असते. म्हणजे त्याचे शरीर एका अंशाने तापायला सुमारे ३३ किलोकॅलरी लागतील. ११०० ला ३३ ने भागा. उत्तर जवळजवळ ३३ अंश! मुळात शरीराचे तापमान ३७ अंश, त्यात हे ३३ मिळवले की झाले ७०. एवढ्या तापमानाला अंडे शिजते. एका बादलीचा बर्फ करताना आपला वीर स्वतःच उकडून निघेल.

बरे, ती उष्णता त्याने खोलीतल्या हवेत सोडली असे धरू. खोली ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच असेल, तर तिच्यात ६० घनमीटर, म्हणजे सुमारे ७२ किलो हवा मावते. हवेची विशिष्ट उष्णता ०.२४. हिशेब करा. भिंती आणि सामानसुमान काही उष्णता शोषून घेतील ते सोडून दिले, तर हवा जवळजवळ ६४ अंशांनी तापेल. मूळचे ३० धरून ९४! परीक्षक कुडकुडायला नकोत, भाजून निघायला हवेत. पोलर बॉयला नापास करण्याचे कारण त्यांनी चुकीचे दिले, असे आपण फार तर म्हणू.

आता पर्वताएवढा वाढणारा मुलगा, कोलोसल बॉय. त्याची उंची १.६ मीटर आणि वजन ५० किलो आहे असे माना. तो दसपट उंच झाला, म्हणजे १६ मीटर. उंची दसपट झाली तशी रुंदी आणि जाडीही दसपट, तेव्हा घनफळ १० गुणिले १० गुणिले १०, म्हणजे हजारपट झाले. शरीर त्याच हाडामांसाचे असेल, तर वजनही हजारपट, ५० टन. पण ते पेलणाऱ्या मांडीच्या हाडाचा छेद शंभरपटच वाढला. म्हणजे हाडाच्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर पूर्वीच्या दसपट भार आला. गॅलिलिओने १६३८ साली आपल्या ग्रंथात हेच दाखवून दिले होते. जे. बी. एस. हॉल्डेन या जीवशास्त्रज्ञाने १९२६ साली एका सुंदर निबंधात सांगितले, की कथेतल्या राक्षसांची मांडीची हाडे पाऊल टाकताक्षणी मोडतील. हेच हॉल्डेन १९५७ साली भारतात आले, पुढे भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले.

तुमच्यातला एखादा चलाख विद्यार्थी म्हणेल, की जास्तीचे ४९,९५० किलो मांस येणार कुठून? वस्तुमान काही हवेतून निर्माण होत नाही. बरोबर आहे! मग वजन ५० किलोच राहू द्या. मूळ शरीराचे घनफळ सुमारे ०.०५ घनमीटर होते, ते हजारपट होऊन ५० घनमीटर झाले. एक घनमीटर हवेचे वजन १.२ किलो असते. म्हणजे कोलोसल बॉयने ६० किलो हवा बाजूला सारली आणि त्याचे स्वतःचे वजन ५० किलो. आर्किमिडीजचे तत्त्व आठवले का? तो हाडे मोडून पडणार नाही, फुग्यासारखा वर तरंगत जाईल! शत्रूने नुसती फुंकर मारली तरी पुरे.

लहान होणाऱ्या मुलीची, श्रिंकिंग व्हायोलेटची, अवस्था याच्या उलट. तिची उंची शंभराव्या हिश्श्यावर आली, म्हणजे १.६ सेंटीमीटर, पण वजन ५० किलोच राहिले, तर तिची घनता पाण्याच्या दहा लाख पट होते. एवढी घनता खरोखर आढळते, पण श्वेत बटू ताऱ्यांत. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांना १९८३ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते ताऱ्यांच्या रचनेवरील संशोधनासाठी, आणि त्यात या ताऱ्यांवरचे त्यांचे तरुणपणीचे कामही होते. इवल्याशा पावलांवर एवढा भार घेऊन आपली व्हायोलेट उभी राहिली, तर काँक्रीटच्या फरशीतही रुतत जाईल. आणि वजन आकाराप्रमाणे घटले, तर वेगळीच अडचण. लहान प्राण्याचे पृष्ठफळ त्याच्या वजनाच्या मानाने फार मोठे असते, त्यामुळे अंगातली उष्णता भराभर निघून जाते. घरातली चिचुंद्री दिवसरात्र खायला का शोधत असते, याचे एक कारण हेच. व्हायोलेटला लढाई सोडून सतत खात बसावे लागेल.

मग यातले काहीच शक्य नाही का? तसेही नाही. लाइटनिंग लॅडचेच घ्या. दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांत विद्युत-ईल नावाचा मासा आहे. त्याच्या शरीरात चपट्या पेशींच्या हजारोंच्या चळती असतात. प्रत्येक पेशीचा विद्युतदाब जेमतेम एक-दशांश व्होल्टच्या आसपास, पण बॅटरीत सेल एकापुढे एक घालावेत तशा त्या जोडलेल्या असतात. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात अशा एका माशाने ८६० व्होल्टचा दाब दिल्याची नोंद आहे. आपल्या घरातल्या विजेचा दाब २३० व्होल्ट! तेव्हा जिवंत शरीर वीज निर्माण करू शकते, यात शंका नाही. पण ती हवेतून फेकणे निराळे. कोरड्या हवेत एक सेंटीमीटर ठिणगी पाडायला साधारण ३०,००० व्होल्ट लागतात. दहा मीटरवरच्या शत्रूसाठी याच प्रमाणात तीन कोटी. मासा पाण्यात राहतो ते बरेच आहे.

कॉस्मिक बॉयला तर खऱ्या प्रयोगशाळेने चांगलाच आधार दिला. चुंबक फक्त लोखंड, निकेल, कोबाल्ट यांनाच ओढतो, असे आपण शिकतो. पण पाण्याला चुंबक अगदी किंचित दूर ढकलतो, आणि प्राण्यांच्या शरीरात पाणीच फार. १९९७ साली नेदरलँड्समधील नायमेखन येथे आंद्रे गाइम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे १६ टेस्लाच्या चुंबकीय क्षेत्रात एक जिवंत बेडूक अधांतरी तरंगवून दाखवला. हे क्षेत्र पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे तीन लाख पट होते. या बेडकासाठी गाइम यांना २००० साली गमतीचे 'इग नोबेल' मिळाले, आणि २०१० साली ग्राफीनवरील संशोधनासाठी खरेखुरे नोबेल!

सॅटर्न गर्लच्या मनकवडेपणाला शास्त्रात कसलाही आधार नाही. तिचे गाव मात्र खरे आहे. २००५ च्या १४ जानेवारीला 'हायगेन्स' हे यान टायटनवर उतरले. तिथे तापमान शून्याखाली सुमारे १७९ अंश, हवेचा दाब पृथ्वीच्या दीडपट आणि गुरुत्वाकर्षण एक-सप्तमांश. हवा दाट आणि वजन कमी, त्यामुळे हातांना पंख बांधून माणूस तिथे पाखरासारखा उडू शकेल. लेखकांनी टायटनच्या मुलीला हीच शक्ती कशी दिली नाही, याची मला हळहळ वाटते. उडण्यासाठी लीजनच्या मुलांकडे अंगठ्या असतात. १५२ क्रमांकाच्या मूलद्रव्यावर प्रयोग करताना गवसलेल्या धातूच्या त्या केल्या, असे गोष्टीत सांगतात. आपली आवर्तसारणी ११८व्या ओगानेसनपाशी थांबलेली आहे, आणि तेही निर्माण झाल्यावर सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकेही टिकत नाही. तेव्हा अंगठीची वाट पाहू नका.

विज्ञान इतके कच्चे असताना ही मुले वाचकांना का आवडली? आपण नापास मुलांकडे परत जाऊ, म्हणजे उत्तर सापडेल. पोलर बॉय बाहेर पडतो तेव्हा त्याला आपल्यासारखेच नाकारलेले चौघे भेटतात. नाइट गर्लच्या अंगी अचाट बळ, पण सूर्यप्रकाशात ते नाहीसे होते. स्टोन बॉय दगड होऊ शकतो, पण दगड झाल्यावर त्याला हलता येत नाही. क्लोरोफिल किड झाडे झटपट वाढवतो. फायर लॅड आग ओकतो, पण ती त्याला आवरत नाही. ही पाच मुले मिळून 'बदली वीरांचा' संघ काढतात. सुरुवातीला त्यांचे सारे बेत फसतात. शेवटी पृथ्वीवरचे एक संकट ती गुपचूप निवारतात, आणि लोक शाबासकी देतात ती लीजनला. कथा एडमंड हॅमिल्टन यांची. राखीव खेळाडू म्हणून ज्याने सबंध हंगाम पाणी वाहिले आहे, त्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

त्याच वर्षी, ३०४व्या अंकात, सॅटर्न गर्ल संघाची नेता झाली. संघातील एकाला मरण येणार अशी भविष्यवाणी झालेली असते. ते मरण आपल्यावर घ्यायचे ठरवून ती नेतेपद मिळवते आणि बाकीच्यांना लढायला मज्जाव करते. पण लाइटनिंग लॅडला तिचा बेत कळतो, आणि तिच्याऐवजी तोच मरतो. चित्रकथेतला वीर खरोखर मरतो, हे त्या काळच्या वाचकांना अनपेक्षित होते. काही महिन्यांनी त्याला जिवंत केले, ते सोडा!

आणि आता या संघाचा सर्वांत विलक्षण माणूस. तो कोणत्याही ग्रहावरचा नव्हता, पिट्सबर्ग शहरातला होता. त्याचे नाव जिम शूटर. वडील पोलादाच्या कारखान्यात कामाला, घरात पैशांची ओढाताण. बारा वर्षांचा असताना शस्त्रक्रियेसाठी तो इस्पितळात होता. मुलांच्या दालनात चित्रकथांचा ढीग पडलेला असे. त्याच्या लक्षात आले, की एका प्रकाशकाचे अंक वाचून वाचून फाटले आहेत आणि लीजनच्या प्रकाशकाचे कोरे करकरीत आहेत. असे का? दुसरा एखादा मुलगा फाटके अंक वाचून स्वस्थ बसला असता. हा दोन्हींचा अभ्यास करत राहिला : कुठली गोष्ट कुठे रेंगाळते, कुठले पात्र माणसासारखे बोलते, कुठले नुसतेच उडते. मग त्याने ठरवले, की आपली गोष्ट कोऱ्या अंकांच्या प्रकाशकाकडे पाठवायची, कारण मदतीची गरज त्याला जास्त आहे!

१९६५ साली, तेरा वर्षांचा असताना, त्याने लीजनची एक गोष्ट लिहिली, तिची चित्रेही स्वतः काढली आणि टपालात टाकली. संपादक मॉर्ट वाइसिंगर यांनी आणखी मागवल्या आणि विकत घेतल्या. लेखकाचे वय त्यांना ठाऊक नव्हते. पुढे न्यूयॉर्कला भेटायला बोलावले, तेव्हा हा लेखक आईला बरोबर घेऊन आला. १९६६ च्या जुलैत, ३४६व्या अंकात, त्याची लीजनची पहिली गोष्ट छापून आली तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. शाळा सांभाळून तो लिहीत राहिला आणि त्या पैशांवर घराला हातभार लागला.

त्याच्या गोष्टीतली मुले मुलांसारखी बोलतात, रुसतात, चुकतात. पहिल्याच गोष्टीत त्याने कराटे किड हा नवा सभासद आणला, ज्याच्या अंगी कसलीही जन्मजात शक्ती नाही, आहे ती सारी मेहनतीने कमावलेली. फेरो लॅड हा त्याचा दुसरा सभासद. मुखवटा घालणारा, शरीराचे लोखंड करणारा. हा मुलगा कृष्णवर्णीय असावा असे शूटरच्या मनात होते, पण संपादकांनी ते मान्य केले नाही, असे त्याने पुढे सांगितले. १९६७ साली, सूर्य गिळणाऱ्या एका मेघाशी लढताना, फेरो लॅड मेला. त्याला परत आणण्याची घाई मात्र झाली नाही. शूटर पुढे त्याच फाटक्या अंकांच्या प्रकाशनसंस्थेचा, म्हणजे मार्व्हलचा, मुख्य संपादक झाला. २०२५ च्या जूनमध्ये तो वारला.

नव्या वाचकाने सुरुवात कुठून करावी? लीजनचा इतिहास १९९४ साली आणि त्यानंतरही पुसून नव्याने लिहिला गेला, त्यामुळे मधूनच एखादा अंक उचलला तर गोंधळ उडेल. माझे मत विचाराल, तर ३००व्या अंकापासूनच्या चार-पाच गोष्टी आधी पाहाव्यात, त्यातल्या पोरकटपणाला हसून घ्यावे, मग शूटरच्या वाचाव्यात. मोठ्या मुलांनी पॉल लेव्हिट्झ आणि कीथ गिफन यांची १९८२ सालची 'ग्रेट डार्कनेस सागा' गाठावी. आणि हाताशी कागद-पेन्सिल असू द्यावी. मॅटर-ईटर लॅडने एक किलो लोखंड खाल्ले तर त्याला त्यातून किती कॅलरी मिळतील, हा हिशेब मी तुमच्यावर सोपवतो.

पोलर बॉयचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. १९८५ साली, म्हणजे नापास झाल्यानंतर बावीस वर्षांनी, त्याने आपला बदली संघ मोडला आणि लीजनकडे पुन्हा अर्ज केला. या खेपेस त्याला घेतले. पुढे तो त्याच संघाचा नेता म्हणून निवडून आला. बादलीतल्या उष्णतेचे तो काय करतो, हे मात्र त्याने अजून कोणाला सांगितलेले नाही.